एकपदरी पदार्थ आणि उजेडाची नोंद : प्रस्तावना

सोलापुरात ताण्याचे सूत थेट मागावर चढत नाही. आधी त्याला खळ देतात. हजारो धागे एकाच वेळी पिठुळ, गरम द्रावणातून जातात, वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. खळ नसली तर फणीत घासून तंतू सुटतात आणि धागा वारंवार तुटतो. माझे वडील गिरणीच्या सायझिंग खात्यात होते. सूत तेच असते, खळ चुकली की माग रडतो, असे ते म्हणत. कापड विणून झाले की हीच खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर टॉवेल पाणीच टिपत नाही. जी वस्तू विणताना हवी, तीच वापरताना नको. पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागलो आणि अणूच्या मापाच्या पदार्थांवर वाचू लागलो, तेव्हा तिथेही हाच पेच आढळला, आणि हे पुस्तक लिहावेसे वाटले ते तिथून.

पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : उजेड ओळखणारी साधने, म्हणजे प्रकाशसंवेदक, अधिक चांगली करण्यासाठी एक-दोन अणुथरांच्या जाडीचे पदार्थ कसे वापरतात, आणि त्या पदार्थांच्या पृष्ठभागावर काय संस्कार केले म्हणजे ते कामाचे ठरतात. वाक्य लहान आहे, पण त्यातला ‘संस्कार’ हा शब्द सगळा भार वाहतो. नुसता पातळ पदार्थ फारसा उपयोगाचा नसतो.

प्रकाशसंवेदक आपल्या घरात कधीचे शिरलेले आहेत. 2020 च्या साथीत घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यातले दोन दिवे 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त उजेड बोटातून पाठवतात. पलीकडे बसलेला सिलिकॉनचा चिमुकला तुकडा कोणता किती पोहोचला ते मोजतो, आणि त्या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज निघतो. टीव्हीचा रिमोट, मोबाइलचा कॅमेरा, संध्याकाळी आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा, सगळीकडे हेच काम चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पर्जन्यछायेतल्या ढगांच्या अभ्यासासाठी 2018 आणि 2019 मध्ये सोलापुरात तळ ठोकला, तेव्हा ढगात शिरणाऱ्या विमानावरही ही साधने होती. ढगातला थेंब लेसरच्या झोतातून जाताना किती उजेड विखुरतो, हे संवेदक टिपतो आणि त्यावरून थेंबाचा आकार कळतो. आपल्या पावसाचा हिशेबही शेवटी उजेडाच्या मोजमापावर येऊन थांबतो.

मग सिलिकॉन असताना नवे कशाला? सिलिकॉनला एक मर्यादा आहे आणि ती कितीही सुधारणा केली तरी हटत नाही. उजेडाचा प्रत्येक कण, फोटॉन, ठरावीक ऊर्जा घेऊन येतो. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करायला किमान जितकी ऊर्जा लागते तिला बँड गॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये ती 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. 1240 ला या आकड्याने भागले की साधारण 1100 नॅनोमीटर येतात. त्यापुढचा उजेड सिलिकॉनला दिसतच नाही, तो आरपार निघून जातो. हा 1240 चा भागाकार विद्यार्थ्यांनी तोंडपाठ करावा. या पुस्तकात तो पन्नास वेळा तरी येईल.

त्या 1100 च्या पलीकडेच आपल्या जिल्ह्याच्या कामाचा उजेड आहे. पाणी 1450 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड जोरात शोषते. म्हणजे पानावरून परतलेल्या उजेडात त्या भागात किती खड्डा पडला, यावरून पानात पाणी किती ते कळू शकते. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडचे डाळिंब बागायतदार बहर धरण्यापूर्वी बागेला ताण देतात, पाणी तोडतात. ताण कमी पडला तर फूल नीट येत नाही, जास्त झाला तर झाड खचते. किती ताण पुरे, हे आज अनुभवी माणूस पानगळ बघून ठरवतो. 2005 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावातच आहे. 1450 नॅनोमीटर पाहणारे स्वस्त साधन शेतकऱ्याच्या हातात आले तर त्या अनुभवाला आकड्याची जोड मिळेल. आज हे काम इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचे संवेदक करतात. ते उत्तम आहेत, पण इंडियम फॉस्फाइडच्या महागड्या चकत्यांवर वाढवावे लागतात, आणि त्यांचा कॅमेरा एखाद्या बागायतदाराने विकत घ्यावा अशी त्याची किंमत नसते.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण या गोष्टीचा एक महत्त्वाचा टप्पा भारतात घडला आणि आपली पाठ्यपुस्तके त्याला दोन ओळींत उरकतात. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून विद्युतलहरी ओळखणारे साधन बनवले. 1901 मध्ये त्याच्या अमेरिकी पेटंटसाठी अर्ज गेला, 29 मार्च 1904 रोजी ते मंजूर झाले. हाच स्फटिक उजेडालाही प्रतिसाद देतो हे बोस यांना माहीत होते. अर्धवाहकाचे म्हणता येईल असे हे जगातल्या पहिल्या पेटंटांपैकी एक. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, शिसे आणि गंधक. त्याचा बँड गॅप 0.41 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ते साधारण 3000 नॅनोमीटरपर्यंत पाहू शकते. हे नाव लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ते पुन्हा येते.

2004 मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून, पुन्हा पुन्हा सोलून, कार्बनचा एकच अणुथर वेगळा केला. हे ग्रॅफिन. या कामाला 2010 चे नोबेल मिळाले. रस्ता चौपदरी असतो तसा मी अशा पदार्थांना ‘एकपदरी’ म्हणतो. ‘द्विमितीय’ हा शब्द बरोबर आहे, पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे करत नाही. ग्रॅफिनमधून इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने धावतात. मात्र एक थर पडलेल्या उजेडापैकी फक्त 2.3 टक्के शोषतो, आणि त्याला बँड गॅप नसल्याने अंधारातही प्रवाह वाहत राहतो. एका अणूच्या जाडीला 2.3 टक्के हे खरे तर खूपच आहे, पण संवेदकाला पुरेसे नाही.

दुसरा पदार्थ मोलिब्डेनम डायसल्फाइड. याची ओळख करून द्यायला मला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. गॅरेजमध्ये बेअरिंगला भरतात ते काळे मोली ग्रीस अनेकांनी हाताळले आहे, त्यातला काळा भाग हाच. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून तो वंगण म्हणून चालतो, आणि त्याच कारणाने त्याचे थर सोलताही येतात. एक थर साधारण 0.65 नॅनोमीटरचा. मोठ्या तुकड्यात त्याचा बँड गॅप सुमारे 1.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो आणि अप्रत्यक्ष प्रकारचा. एकच थर उरला की तो 1.8 ते 1.9 होतो आणि प्रत्यक्ष प्रकारचा बनतो, म्हणजे उजेड घेणे आणि देणे दोन्ही सोपे होते. 2010 मध्ये हे सिद्ध झाले. रासायनिक सूत्र न बदलता केवळ थर कमी केल्याने पदार्थाचा स्वभाव बदलतो. मी हे शिकवताना दर वर्षी थांबतो, कारण दर वर्षी मला ते नव्याने आश्चर्याचे वाटते.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. 2012 मध्ये सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातून एकपदरी मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या पहिल्या फोटोट्रान्झिस्टरचे मोजमाप प्रसिद्ध झाले : 7.5 मिलिअँपिअर प्रति वॉट, म्हणजे पडलेल्या दर वॉट उजेडामागे इतका प्रवाह. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने त्याच पदार्थापासून 880 अँपिअर प्रति वॉट मिळवले. लाखपटीच्या वर! पदार्थ तोच. साधनाची घडण आणि विद्युत जोडणी सुधारली होती. पण या 880 चा अर्थ नीट लावला पाहिजे. तो आकडा 561 नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडासाठी होता. प्रत्येक फोटॉनने एकच इलेक्ट्रॉन मोकळा केला असता तर उत्तर 561 भागिले 1240, म्हणजे 0.45 अँपिअर प्रति वॉट आले असते. मिळाले 880. म्हणजे पडलेल्या एकेका फोटॉनमागे जवळजवळ दोन हजार इलेक्ट्रॉन वाहिले. या पटीला लाभ म्हणतात.

एका फोटॉनमधून दोन हजार इलेक्ट्रॉन कुठून आले? ते फोटॉनमधून आलेच नाहीत. फोटॉनने एक इलेक्ट्रॉन मोकळा केला आणि त्याच्या जागी एक धनभारित रिकामी जागा, होल, तयार झाली. एकपदरी पदार्थाच्या पृष्ठभागावर कुठे गंधकाचा अणू निसटलेला असतो, कुठे हवेतला ऑक्सिजन किंवा पाण्याचा रेणू चिकटलेला असतो. होल अशा जागी अडकते. ती अडकून आहे तोवर एक इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला पोहोचला की भार समतोल राखायला पहिल्या टोकाकडून नवा आत येतो, मग आणखी एक. यंत्रमागाचे हँडल एकदा ओढले की ते सोडेपर्यंत धोटा इकडून तिकडे जातच राहतो, तसे. हँडल ओढणे हे फोटॉनचे काम, आणि अडकलेली होल म्हणजे ओढून धरलेले हँडल.

आणि इथेच किंमत मोजावी लागते. हँडल जितका वेळ अडकून राहील तितके धोट्याचे फेरे जास्त, पण माग थांबायलाही तितकाच उशीर. लोझानच्या त्या साधनाचा प्रवाह उजेड बंद केल्यावर उतरायला काही सेकंद लागत होते. ऑक्सिमीटरला ते चालणार नाही, नाडीचे ठोके एकमेकांत मिसळून जातील. संध्याकाळी दिवा लावणाऱ्या संवेदकाला मात्र सहज चालेल. शिवाय 880 हा आकडा अगदी मंद उजेडातला होता. उजेड वाढला की अडकायच्या जागा भरून जातात आणि आकडा घसरतो. म्हणून नुसता लाभाचा आकडा छापून वेग, अंधारातला प्रवाह आणि उजेडाची तीव्रता न सांगणारा शोधनिबंध मी विद्यार्थ्यांना अर्धवट मानायला सांगतो. अशा निबंधांची संख्या मोठी आहे, आपल्याकडेही आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाने 2013 मध्ये ग्रॅफिन आणि मोलिब्डेनम डायसल्फाइड एकमेकांवर ठेवले. उजेड पकडायचा एकाने, प्रवाह वाहून न्यायचा दुसऱ्याने. खोलीच्या तापमानाला 50 कोटी अँपिअर प्रति वॉट इतका प्रतिसाद त्यांनी नोंदवला. हा प्रतिसाद उजेड गेल्यावरही टिकून राहत होता. या गटाने तो दोष म्हणून लपवला नाही. उजेडाने लिहिता येणारी आणि विद्युत स्पंदाने पुसता येणारी स्मृती म्हणूनच त्याची मांडणी केली. साधनाचा स्वभाव ओळखून त्याला साजेसे काम देणे म्हणजे काय, हे शिकायला यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एक वर्ष आधी बार्सिलोनाजवळच्या संस्थेत ग्रॅफिनवर क्वांटम डॉटचा थर दिला गेला होता, आणि ते डॉट होते लेड सल्फाइडचे. बोस यांच्या गॅलेनाचे हे कण काही नॅनोमीटरचे, इतके बारीक की कणाच्या आकारावरून तो कोणता उजेड घेईल ते ठरवता येते. 2017 मध्ये त्याच प्रकारच्या जोडणीतून 388 गुणिले 288 बिंदूंचा कॅमेरा तयार झाला. तो 300 पासून 2000 नॅनोमीटरपर्यंत पाहतो. पानातले पाणी ज्या उजेडात दिसते तो उजेड यात येतो.

खळीची गोष्ट इथे परतते. हे डॉट द्रावणात बनवताना प्रत्येक कणाभोवती ओलिक आम्लाचे लांब रेणू लावावे लागतात, नाहीतर कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. पण हेच लांब रेणू दोन कणांत अंतर पाडतात आणि प्रवाह अडवतात. म्हणून थर बसवल्यावर ते काढून त्यांच्या जागी आखूड रेणू बसवतात. बनवताना हवे, वापरताना नको. सायझिंग खात्यातला माणूस हे प्रकरण भौतिकशास्त्राच्या पदवीधराच्या आधी समजेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पृष्ठभागावरचे बाकीचे संस्कार पुस्तकात सविस्तर आहेत. गंधकयुक्त रेणूंनी रिकाम्या जागा बुजवणे, सोन्याच्या सूक्ष्म कणांनी उजेड एका जागी गोळा करणे, वरून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांघरूण घालणे, दोन वेगळे पदर जोडून त्यांच्या सीमेवर अंगभूत विद्युतक्षेत्र निर्माण करणे. 2015 मध्ये बर्कलेच्या गटाने एका अतितीव्र सेंद्रिय आम्लाने मोलिब्डेनम डायसल्फाइडवर प्रक्रिया केली आणि त्याची उजेड देण्याची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आतून 95 टक्क्यांच्या वर नेली. दोष झाकले की पदार्थ किती शुद्ध वागतो, हे त्यातून दिसले. पण नीट विचार करा : होल अडकवणाऱ्या जागा म्हणजे हे दोषच. सगळे बुजवले तर वेग वाढेल आणि लाभ जाईल. कोणते दोष ठेवायचे, कोणते मिटवायचे, हे कामावर ठरते. या पुस्तकाला काही म्हणायचे असेल तर ते इतकेच आहे, आणि प्रत्येक प्रकरण वेगळ्या वाटेने तिथे येते.

हे सगळे सोलापुरात बसून कशाला लिहायचे, असे एका मित्राने विचारले. माझे उत्तर असे. 1962 पासून आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. ऑगस्ट 2004 मध्ये फक्त एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झाले, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. या साऱ्या परिसराचा हात थिन फिल्मवर, म्हणजे पातळ थर बसवण्यावर, बसलेला आहे. काचपट्टी, चंचुपात्र, वॉटर बाथ, सामू मोजायचे साधन आणि चिकाटी, एवढ्यावर केमिकल बाथ पद्धतीने धातूंच्या सल्फाइडचे थर बसवायचे काम इथल्या दोन-तीन पिढ्यांनी केले. सोलापूर विद्यापीठात सौर ऊर्जेसाठीच्या थिन फिल्मवर आणि वायुसंवेदकांवर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. वायुसंवेदकात वायूचा रेणू पृष्ठभागावर चिकटतो आणि रोध बदलतो. प्रकाशसंवेदकात होलला अडकवणाऱ्या जागांपैकी काही अशाच चिकटलेल्या रेणूंनी बनतात. विषय वेगळे दिसले तरी पृष्ठभागाचे ज्ञान एकच आहे, आणि ते आपल्याकडे आहे. थर सोलायलाही कोट्यवधींचे यंत्र लागतेच असे नाही. 2014 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्रात भांडी घासायच्या द्रवाच्या मदतीने ग्रॅफाइटचे थर सुटे करून दाखवले.

दुसरे कारण आपले हवामान. जगभरच्या निबंधांत साधने वातानुकूलित खोलीत 25 अंशांना मोजलेली असतात. सिलिकॉनच्या फोटोडायोडचा अंधारातला प्रवाह ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट होतो. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली ठेवलेले साधन 45 अंशांवर गेले की तो चौपट झाला. एकपदरी पदार्थांवर तर ऊन, धूळ आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतरची दमट हवा या तिन्हींचा परिणाम होतो, कारण त्यांना आत असे काही नसतेच, सगळा पृष्ठभागच असतो. काळा फॉस्फरस अवरक्तासाठी उत्तम, पण उघड्या हवेत काही दिवसांतच खराब होतो. मंगळवेढ्याच्या शेतात वर्षभर टिकणारे साधन मंगळवेढ्याच्या हवेतच तपासले पाहिजे. हे काम मँचेस्टर किंवा सिंगापूर आपल्यासाठी करणार नाही.

एक सूचना मात्र कडक शब्दांत. सल्फाइडचे थर बसवताना वापरलेली लेड ॲसिटेट आणि कॅडमियमची द्रावणे प्रयोग संपल्यावर बेसिनमध्ये ओतू नका. शिसे आणि कॅडमियम शरीरात साठत जातात. उरलेले द्रावण वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवा आणि विल्हेवाटीसाठी अधिकृत यंत्रणेकडे द्या. ज्या शहराला पाण्यासाठी उजनी धरणाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या शहरातल्या प्रयोगशाळेला हे दुसऱ्याने सांगायची वेळ येऊ नये. टिन आणि बिस्मथच्या सल्फाइडवर म्हणूनच मी जास्त पाने खर्च केली आहेत. त्यांचे आकडे आज कमी आहेत, तरी या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने आधी त्यांच्याकडे वळावे असे माझे मत आहे.

भाषेबद्दल थोडे. बँड गॅप, डोपिंग, डार्क करंट हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण प्रयोगशाळेत आपण मराठी बोलतानाही तेच वापरतो. समजावून सांगण्याची भाषा मात्र पूर्ण मराठी ठेवली आहे. ज्या गोष्टी मला मराठीत सांगता आल्या नाहीत, त्या मलाच नीट समजल्या नव्हत्या असे लिहिताना अनेकदा लक्षात आले, आणि ती पाने मी पुन्हा लिहिली.

पहिल्या प्रकरणातला प्रयोग वाचून सोडू नका, करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळणारा एलडीआर, म्हणजे उजेडाने रोध बदलणारा घटक, घ्या, त्याला मल्टिमीटर जोडा. आधी काळ्या कापडात गुंडाळून अंधारातला रोध लिहा, मग खिडकीजवळचा, मग भर दुपारच्या उन्हातला, आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि तापमान टाका. उन्हातून आत आणल्यावर आकडा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात, तेही लिहा. तुमच्या आकड्यांशी या पुस्तकातले काही जुळले नाही, किंवा माझी चूक आढळली, तर प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करताना तुमची वही माझ्या टेबलावर असेल.

सोलापूर, मकरसंक्रांत